हिंदुरावाचे मतदार

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी संध्याकाळी देवळ्यातील आमच्या निवासस्थानी पाच-सहा कुटुंबे जमली होती. वीज होती, पाऊस थांबला होता आणि कुणालाच घाई नव्हती. असा योग या कसमादे पट्ट्यात वारंवार येत नाही. मंडळींच्या आग्रहावरून आम्ही 'सामना' लावला. १९७५ सालचा हा चित्रपट, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे, पटकथा विजय तेंडुलकर यांची. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील, त्याच्या गावात येऊन पडलेला एक मोडलेला, दारूच्या आहारी गेलेला मास्तर, आणि गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेविषयी या मास्तराने विचारलेला प्रश्न, एवढाच ऐवज. निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू समोरासमोर उभे राहिले की आणखी कशाची गरज उरत नाही.

चित्रपट संपल्यावर महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, "फादर, हा माणूस कसा आहे हे गावाला ठाऊक असणारच ना? मग गाव त्याच्या मागे का उभं राहतं?" आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच तिचे आजोबा म्हणाले, "कारण तो घरी सापडतो, बाळा." हंशा पिकला, चहा आला, विषय कांद्याच्या भावाकडे वळला. आमच्या मनातून मात्र ते वाक्य गेले नाही. मुलीच्या प्रश्नाला आपल्या राजकीय साहित्याने आणि चित्रपटांनी काय उत्तर दिले आहे याचा शोध आम्ही त्यानंतर काही दिवस घेत राहिलो. हाती फार थोडे लागले, हे प्रथमच सांगून टाकतो.

मराठीत राजकारणावर लिहिले गेले नाही असे कुणी म्हणणार नाही. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांनी मंत्रालयाच्या दाराआडचे जग प्रथमच मराठी वाचकाच्या घरात आणले. त्यांवर आधारलेला 'सिंहासन' हा चित्रपट १९७९ साली आला. पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच, दिग्दर्शन पटेलांचेच. मुख्यमंत्र्यांची खुर्ची, तिच्यावर डोळा ठेवून असलेले अर्थमंत्री, कामगारांचा पुढारी, तस्करांचे हस्तक, आणि हे सगळे पाहून अखेरीस भान हरपणारा पत्रकार दिगू टिपणीस. या पटावर प्रत्येक सोंगटीला चेहरा आहे. चेहरा नाही तो मतदाराला. तो मोर्चात दिसतो, सभेत दिसतो, बहुधा गर्दी म्हणूनच दिसतो. मुख्यमंत्री जिवाजीराव का टिकतात याचे उत्तर आमदारांच्या बेरजेत मिळते. त्या आमदारांना निवडून कोण देतो आणि पुन्हापुन्हा का देतो, हे विचारण्याची पाळी येत नाही. साधूंना हा दोष देणे कदाचित अन्यायाचे होईल, कारण त्यांचा विषय सत्ता हा होता. परंतु पुढच्या पिढीतील अनुकरण करणाऱ्यांनीही तोच पट मांडला आणि मतदाराला तसेच बाहेर, उन्हात उभे ठेवले. रंगनाथ पठारे यांच्या 'ताम्रपट' (१९९४) या विस्तीर्ण कादंबरीसारखा एखादा अपवाद सोडला, तर गावातला माणूस पुढाऱ्याशी कशाने बांधला जातो याचा माग घेण्याचा धीर आपल्या लेखकांनी क्वचितच दाखवला आहे.

'सामना' मात्र एका जागी या सर्वांच्या पुढे जातो, आणि तेही, आमच्या मते, पटकथेपेक्षा नटाच्या बळावर. निळू फुले यांचा हिंदुराव रांगडा आहे, धूर्त आहे, आणि प्रेक्षकाला आवडतो! आपण त्याचा तिरस्कार करायला बसलेलो असतो. तो मास्तराला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, त्याच्याशी बोलतो. आणि मध्येच कुठेतरी आपल्या लक्षात येते की मास्तराचा प्रश्न आपल्याला थोडा गैरसोयीचा वाटू लागला आहे. मैफल रंगात आलेली असताना हा मारुती कांबळे कशाला, असे क्षणभर का होईना वाटून जाते. त्या क्षणी अंधारात बसलेला सुशिक्षित प्रेक्षक हिंदुरावाचा मतदार झालेला असतो. समीक्षकांनी या चित्रपटातील सत्ता आणि सदसद्विवेक यांच्या द्वंद्वाविषयी पुष्कळ लिहिले. आम्हांला त्याचे खरे मोल या छोट्याशा लाजिरवाण्या अनुभवात वाटते.

आता पडद्यावरून खाली उतरू.

१९९१ सालच्या लोकसभा निवडणुकीच्या उन्हाळ्यात आम्ही सेमिनरीत शिकत होतो आणि सुट्टीत एका सहाध्यायाबरोबर रायगड जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावी काही दिवस राहिलो होतो. उमेदवार होते बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. आम्हां दोघांनाही अंतुले हे नाव एकाच संदर्भात ठाऊक होते: सिमेंट. जून १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले. तेव्हा सिमेंट नियंत्रित होते, कोट्याने मिळे. बांधकाम व्यावसायिकांना सिमेंटचे वाटप आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान व अन्य न्यासांना मिळालेल्या देणग्या यांचा संबंध अरुण शौरी यांनी १९८१ च्या ऑगस्टअखेर 'इंडियन एक्स्प्रेस'मधून उघड केला. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी प्रतिकूल निर्णय दिला आणि अंतुले यांना पद सोडावे लागले. आमच्या घरी, शाळेत, सेमिनरीतही ही गोष्ट संपलेली होती. दुष्टाचा पाडाव झाला होता.

त्या गावात ती संपलेली नव्हती. होड्या शाकारून ठेवलेल्या एका म्हाताऱ्या कोळीबाबांना आम्ही पोरवयाच्या आढ्यतेने सिमेंटची आठवण करून दिली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "शिमिट मुंबईचा होता, रस्ता आमचा हाय." आम्ही निरुत्तर झालो, पण पटले नाही. आज तो हिशेब थोडा अधिक कळतो. अंतुले यांच्या काळात, १९८१ साली, कुलाबा जिल्ह्याचे रायगड झाले. ज्या भूमीत शिवछत्रपतींची राजधानी होती तिला तिचे नाव मिळाले, आणि ते देणारा मुख्यमंत्री कोकणी मुसलमान होता याचा अभिमान दोन्ही समाजांत होता. भवानी तलवार लंडनहून आणण्याची घोषणा त्यांचीच. तलवार आली नाही. घोषणा मात्र लोकांच्या लक्षात राहिली. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली. देवळ्याच्या आसपास आम्ही ज्या निराधार वृद्धांच्या भेटीला जातो, त्यांतील काहींच्या बँक-खात्यात आजही याच योजनेचे पैसे येतात. त्यांना अंतुले हे नाव ठाऊक नाही. रायगडच्या मतदाराला ठाऊक होते. त्याने त्यांना १९८९, १९९१ आणि १९९६ साली लोकसभेत पाठवले, १९९८ मध्ये घरी बसवले आणि २००४ मध्ये पुन्हा पाठवले. हा मतदार आंधळा होता असे म्हणायचे तर १९९८ साली त्याला अचानक दृष्टी आली आणि २००४ साली ती गेली, असे मानावे लागेल.

आणि खटला? तो दरम्यान न्यायालयांतून फिरत होता. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उच्च न्यायालयाकडे सोपवला. १९८८ साली त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते सोपवणेच चुकीचे होते असे ठरवले. आरोप कोणत्या न्यायालयाने ऐकावा यावरच इतकी वर्षे गेली. सर्वसामान्य माणूस यातून जो धडा घेतो तो फार सरळ असतो: दोषी की निर्दोष हे आपल्या हयातीत कळणार नाही, तेव्हा रस्ता झाला की नाही ते पाहावे. लोकानुनयी पुढाऱ्याच्या लोकप्रियतेचा विचार करताना आपण त्याच्या भाषणांकडे बोट दाखवतो. न्यायाच्या दिरंगाईने त्याला जेवढी मते मिळवून दिली तेवढी भाषणांनी क्वचितच दिली असतील.

आमच्याच जिल्ह्यातील येवल्याचे उदाहरण अधिक जवळचे आणि म्हणून अधिक अवघड. श्री. छगन भुजबळ मुंबईचे. २००४ साली ते येवल्यातून उभे राहिले, निवडून आले, आणि तेव्हापासून २०२४ पर्यंतच्या पाचही विधानसभा निवडणुकांत तिथला निकाल बदललेला नाही. मार्च २०१६ मध्ये त्यांना सक्तवसुली संचालनालयाने अटक केली. मे २०१८ मध्ये जामीन मिळाला. २०१९ च्या ऑक्टोबरात येवल्याने त्यांना छप्पन्न हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून दिले. वर्तमानपत्रे वाचणाऱ्या आमच्या एका मित्राने तेव्हा येवलेकरांना लाज नाही असे उद्गार काढले. सप्टेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र सदन बांधकाम प्रकरणात विशेष न्यायालयाने श्री. भुजबळ यांना दोषमुक्त केले, तेव्हा हे मित्र काही बोलले नाहीत. आम्ही इथे न्यायाधीश होऊ इच्छित नाही. एवढेच म्हणतो की २०१९ साली मत देणारा येवल्याचा माळी शेतकरी किंवा पैठणी विणणारा कारागीर आमच्या मित्रापेक्षा कमी माहितीवर निर्णय घेत होता असे मानण्यास आधार नाही. पश्चिमेला वाहून जाणारे मांजरपाड्याचे पाणी वळवून दुष्काळी पूर्वेकडे आणण्याचा विषय त्याच्या डोळ्यांसमोर होता. आणि दुसरेही काही होते, जे पाण्यासारखे मोजता येत नाही. ज्या समाजातील माणसांना सरकारी कचेरीत पिढ्यानपिढ्या बाहेर उभे केले गेले, त्यांच्यातील एकजण आत खुर्चीवर बसतो तेव्हा खाली उभा असलेला प्रत्येकजण क्षणभर बसलेला असतो. अशा माणसाला अटक झाली की खाली उभे असलेल्यांना वाटते, आपल्यालाच उठवले. शहरातील संपादकीयांचा स्वर त्या भावनेत तेल ओततो. आम्ही सुशिक्षित लोक पुढाऱ्यावर टीका करतो असे समजतो. ती ऐकू येते मतदाराला, आणि ती त्याला शिवी वाटते.

बेडीचीही एक वेगळी कहाणी आहे. 'सिंहासन'मधील कामगार पुढारी डिकास्टा पाहताना आपल्या वाचकांना जॉर्ज फर्नांडिस आठवले नसतील तरच नवल. मंगळूरच्या कॅथलिक घरातले, तरुणपणी बंगळूरच्या सेमिनरीत गेलेले आणि तिथून बाहेर पडून मुंबईच्या फुटपाथावर आलेले जॉर्ज. १९७७ साली बडोदा डायनामाइट खटल्यात तुरुंगात असताना, मतदारसंघात पाऊलही न टाकता, मुझफ्फरपूरने त्यांना तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून दिले. साखळदंड बांधलेला हात उंचावलेले त्यांचे छायाचित्र देशभर भिंतींवर लागले होते. त्या निवडणुकीने भारतीय मतदाराला शिकवले की तुरुंगातला माणूस बाहेरच्यांपेक्षा खरा असू शकतो. तो धडा बरोबर होता. परंतु बेडी ही बेडीच दिसते. ती आणीबाणीची आहे की अपहाराची हे छायाचित्रात कळत नाही. पुढे आलेल्या कितीतरी पुढाऱ्यांनी जॉर्जचे ते तेज उसने घेतले. खुद्द जॉर्ज २००१ च्या मार्चमध्ये तहलका प्रकरणात संरक्षणमंत्रिपद सोडून बाहेर पडले, ऑक्टोबरात परतले, आणि २००४ साली मुझफ्फरपूरने त्यांना पुन्हा निवडून दिले. पहिल्या बेडीचे पुण्य सत्तावीस वर्षे पुरले!

हा दोष अशिक्षितांचा, हिंदू जातिव्यवस्थेचा, आपल्या समाजात असे होत नाही, असा एक सूर आपल्या बैठकांतून निघतो. तो ऐकला की आम्हांला फिलिपाइन्स आठवते. आशियातील सर्वांत मोठा कॅथलिक देश. तिथे जोसेफ एस्ट्राडा १९९८ साली राष्ट्राध्यक्ष झाले. जानेवारी २००१ मध्ये मनिलाचे कार्डिनल सिन यांच्यासह लाखोंनी रस्त्यावर येऊन त्यांना पायउतार केले. २००७ साली त्यांना लुटीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, त्याच वर्षी माफी मिळाली. आणि २०१३ साली मनिलानेच त्यांना महापौर केले. रॉड्रिगो दुतेर्ते यांनी २०१६ च्या निवडणुकीपूर्वी पोपमहोदयांविषयी अपशब्द काढले आणि निवडून आले. मार्च २०२५ मध्ये त्यांना अटक होऊन हेगला नेण्यात आले. मे महिन्यात, ते कोठडीत असतानाच, दावाव शहराने त्यांना महापौरपदी निवडले. मिस्सा चुकवणारे लोक नव्हेत ते. आणि इतके दूर तरी कशाला जायचे? वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामागे हरित वसईसाठी मोर्चात चालणाऱ्या घरांतूनच, बेसुमार बांधकामाविरुद्ध घोषणा देणाऱ्या घरांतूनच, निवडणुकीत श्री. हितेंद्र ठाकूर यांना मते जात नव्हती असे कोणी छातीवर हात ठेवून सांगेल काय? १९९० पासून चार वेळा ते निवडून आले; २००९ साली गावे महानगरपालिकेत घालण्याच्या प्रश्नावर वसईने कौल फिरवला; २०१४ मध्ये पुन्हा त्यांच्याकडे वळवला; २०२४ मध्ये पुन्हा फिरवला. मोर्चा आणि मत या दोन गोष्टी एकाच माणसाच्या दोन खिशांत सुखाने राहतात.

देवळ्याचा अनुभव याला एक वेगळी छटा देतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ती मे २०२४ मध्ये, आमच्या भागातील मतदानाला दोन-तीन आठवडे उरले असताना, उठली. चाळीत कांदा सडताना आम्ही पाहिला आहे. उमराण्याच्या बाजारात भाव ऐकून ट्रॅक्टरवर डोक्याला हात लावून बसलेली माणसे पाहिली आहेत. मेमधील निवडणुकीत दिंडोरी मतदारसंघाने केंद्रातील राज्यमंत्र्यांना पराभूत केले आणि एका शिक्षकाला खासदार केले. (त्याच निवडणुकीत विजयी उमेदवाराशी आडनावाचे व चिन्हाचे साधर्म्य असलेल्या एका अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली, हाही एक नमुनाच!) त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चांदवड-देवळ्याने विधानसभेसाठी त्याच पराभूत पक्षाच्या आमदारांना पुन्हा निवडले. दरम्यान लाडक्या बहिणींच्या खात्यांत दरमहा पंधराशे रुपये येऊ लागले होते. पैशाने मते विकली गेली, असे म्हणणे सोपे आहे. पण आमच्याकडे येणाऱ्या एका मावशी म्हणाल्या, "फादर, आजवर माझ्या नावावर काहीच आलं नव्हतं. शेत त्यांच्या नावावर, घर सासऱ्यांच्या नावावर." त्या रकमेत मावशींना दिसले ते स्वतःचे नाव. आमच्या कोणत्याही कादंबरीकाराने हे वाक्य लिहिलेले नाही. दिल्लीला शिक्षा आणि गल्लीला अभय, अशी ही दुहेरी चोपडी मतदार ठेवतो. तिचा जमाखर्च त्याला चांगला कळतो.

तर मग सगळे ठीकच आहे काय? नाही. इथे आम्ही मतदाराचे वकीलपत्र खाली ठेवतो. कारण या व्यवहारात मारुती कांबळे राहूनच जातो. रस्ता आमचा असतो, सिमेंट मुंबईचे असते. पण कुणाचे तरी नाव त्या वहीत मांडलेच जात नाही, आणि ज्याचे मांडले जात नाही तो मतपेटीत बोलू शकत नाही. शास्ते या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात योथामाने सांगितलेली झाडांची कथा आहे. झाडे राजा शोधायला निघतात. जैतुनाला आपले तेल सोडवत नाही, अंजिराला गोडवा सोडवत नाही, द्राक्षवेलीला रस. शेवटी काटेरी झुडूप राज्य पत्करते. प्रवचनांतून ही कथा काटेरी झुडपाच्या निषेधासाठी वापरली जाते. आम्हांला ती वाचताना नेहमी जैतुनाचा राग येतो. आपल्या किती घरांतील मुले ग्रामपंचायतीला उभी राहिली? किती पालकांनी, राजकारण हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे, असे सांगून त्यांना परदेशाच्या विमानात बसवले? चांगला माणूस दारात सापडत नसेल तर जो सापडतो त्याच्याकडेच लोक जाणार. आजोबांचे वाक्य एवढ्याचसाठी आमच्या मनातून जात नव्हते.

आणखी एका कारणासाठीही जात नव्हते. ते सांगितल्यावाचून हे टिपण प्रामाणिक होणार नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना एका शेतमजुराच्या तरुण मुलाची मूत्रपिंडे निकामी झाली. रुग्णालयात जागा नव्हती. आम्ही तीन दिवस खेटे घातले, पांढरा झगा घालून गेलो, इंग्रजीतून बोललो. जागा मिळाली नाही. चौथ्या दिवशी मुलाच्या बापाने आम्हांला एका पुढाऱ्याकडे नेले. त्यांच्याविषयी आमचे मत काय होते हे आमच्या धर्मग्रामातील सर्वांना ठाऊक होते, कारण ते आम्ही लपवले नव्हते. सकाळचे साडेसहा वाजले होते, ओटीवर चाळीस-पन्नास माणसे बसली होती. आम्हांला चहा मिळाला. पुढारी आले, कागद पाहिले, एक फोन केला, एक चिठ्ठी लिहिली. आमच्या मताचा उल्लेख त्यांनी केला नाही. दुपारी मुलगा खाटेवर होता.

पुढच्याच वर्षी निवडणूक होती. त्याआधीच्या रविवारी सदसद्विवेकाने मतदान करण्याविषयी आम्ही उपदेश केला; दरवेळी करतो तसाच, फक्त थोडा आखूड. मुलाचा बाप पुढच्या बाकावर बसला होता आणि आमच्याकडे पाहत होता. मिस्सानंतर दारात तो हात मिळवायला थांबला तेव्हा आमच्या खिशातला फोन वाजला. पुढाऱ्यांच्या कार्यालयातून होता. मताविषयी त्यांनी एक शब्दही विचारला नाही. विचारले एवढेच, "फादर, तो पोरगा कसा आहे आता?"